पाणी बाधलं म्हणून सोडून देऊ नका

मुंबईहून परत आलेलं माणूस दोन दिवस अंथरुणाला खिळलं, की आपल्या वस्तीत एकच निदान होतं : ‘मुंबईचं पाणी बाधलं.’ डोकं ठणकतंय, मळमळतंय, लघवीला जळजळ होतेय, ताप चढलाय, सगळ्याला पाणीच कारण. नर्सची नोकरी करत होते तेव्हाही हे ऐकत होते आणि आता विहारांमधून आरोग्याची बैठक घेते तेव्हाही ऐकते. पाण्याने पोट बिघडतं हे खरंच आहे. पण पाण्याच्या नावाखाली आपण चार वेगळे आजार एका गाठोड्यात बांधतो आणि त्यातला एखादा जिवावर बेतणारा असतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर ते गाठोडं सोडून बघू.

मुळशीतल्या आपल्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला आहे. कुणाचा भाऊ वरळीला, कुणाची लेक गोवंडीला दिलेली, कुणाचे चुलते घाटकोपरला. आपण ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातो, मे महिन्यात मुलांना घेऊन जातो, लेकीच्या बाळंतपणाला जातो, कामाच्या शोधात जातो. तेव्हा हे समजून घेणं आपल्या घरोघरी उपयोगाचं आहे.

घाट उतरला की हवा बदलते

मुळशी सह्याद्रीच्या माथ्याशी, साधारण सहाशे मीटर उंचीवर. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो, पण हवा गार. भर उन्हाळ्यात दुपार तापली तरी रात्री अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. ताम्हिणी घाट उतरला की हे सगळं बदलतं. घाटाखालच्या भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली होती. हे तेच भिरा, जिथे आपल्या मुळशी धरणाचं पाणी डोंगरातून खाली सोडून वीज तयार करतात. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या पुढाकाराने या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. तरी धरण झालं, गावं बुडाली आणि वीज मुंबईला गेली. मुळशी-मावळची कितीतरी माणसं पोटासाठी तिकडेच गेली. आज त्यांची नातवंडं पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली झोपतात, आणि तो पंखा वारा नाही, गरम वाफच अंगावर फेकतो.

घाम येतो, पण वाळत नाही

आपलं अंग घामाने थंड होत नाही, घाम वाळल्याने थंड होतं. मातीच्या माठाचं उदाहरण घ्या. माठ पाझरतो, ते पाणी वाऱ्याने सुकतं, म्हणून आतलं पाणी गार होतं. तोच माठ ओल्या, कोंदट कोपऱ्यात ठेवा, गार होणार नाही. समुद्राकाठच्या हवेत आधीच भरपूर ओलावा असतो. घाम अंगावरून नुसता ओघळतो, वाळत नाही. अंगातलं पाणी आणि मीठ मात्र जातं आणि उष्णता आतच राहते.

म्हणूनच हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी भागासाठी ४० अंश धरतं आणि किनारपट्टीसाठी ३७ अंशच. ‘पुण्यात ४० सोसलं, मुंबईत ३६ म्हणजे काहीच नाही’ हा हिशेब चुकीचा आहे. मुंबईचं ३६ अंगाला जड जातं. शिवाय आपल्याकडे रात्री शरीराला विसावा मिळतो, मुंबईत रात्रही घामात जाते. दुसऱ्या दिवशी माणूस थकलेलाच उठतो.

आणखी एक गोष्ट. नव्या हवेची सवय व्हायला शरीराला आठवडा ते दोन आठवडे लागतात. मुंबईत राहणाऱ्या भावाला जे ऊन चालतं ते काल गावाहून आलेल्या भावाला चालेलच असं नाही. बांधकामावर, गोदीत, हमालीला नव्याने लागलेल्या तरुणाला पहिला आठवडा सर्वांत धोक्याचा. त्याला पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी उन्हात लावू नये. मुकादमाला हे सांगायला लाजू नका.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानात सरकारी पुरस्काराचा मोठा कार्यक्रम झाला. लोक सकाळपासून उन्हात बसले होते. उन्हाचा त्रास होऊन १४ माणसं दगावली. श्रद्धेने आलेली साधी माणसं होती ती. आपलेही मेळावे एप्रिलमध्येच असतात, आपणही तितक्याच श्रद्धेने जातो. म्हणून हा धडा आपलाही आहे.

ओळखायचं कसं, करायचं काय

घाम फार येतो, चक्कर येते, पायात गोळे येतात, मळमळतं, डोकं दुखतं, पण माणूस शुद्धीवर आहे आणि नीट बोलतो, ही पहिली पायरी. सावलीत न्या, कपडे सैल करा, पाय उंच ठेवून निजवा, ओआरएस घोट घोट पाजा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून अंदाजाने टाकू नका.

माणूस असंबद्ध बोलतो, ओळखत नाही, झोकांड्या जातात, झटके येतात, बेशुद्ध होतो आणि अंग भट्टीसारखं तापलंय, हा उष्माघात. कातडी कोरडीच पाहिजे असं नाही, किनाऱ्यावर घामेजलेल्या अंगानेही उष्माघात होतो. इथे मिनिटं मोजायची. १०८ ला फोन लावा आणि गाडीची वाट बघत बसू नका. अंगावर पाणी ओता, ओले कपडे मानेला, काखेत, जांघेत ठेवा, पुठ्ठ्याने, पदराने, मिळेल त्याने जोरात वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर निजवा. तापाची गोळी देऊ नका, हा ताप गोळीने उतरत नाही.

समुद्र सगळ्यांचा, वारा कुणाचा?

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून त्यांनी रुंद रस्ते काढले, कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब कुटुंबासह वीसेक वर्षं राहिले. हवा आणि उजेड हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे सरकारला तेव्हाच कळलं होतं.

आज मात्र उन्हाच्या या शहरात आपल्या कितीतरी आयाबाया दिवसा दिवा लावून स्वयंपाक करतात. गोवंडीकडच्या पुनर्वसनाच्या इमारतींचा अभ्यास झाला, तेव्हा ज्या इमारती एकमेकींना खेटून आहेत, जिथे ऊन-वारा पोचत नाही, तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त दिसलं. टीबीचे जंतू बंद, अंधाऱ्या हवेत रेंगाळतात. ऊन आणि वारा त्यांचे वैरी.

म्हणून मुंबईच्या नातलगांना सांगा : दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. उपचार चालू असलेल्या रुग्णाला पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात, ते बँक खात्यात जमा होतात. गावी यायचं असेल तर गोळ्या पुरेशा घेऊन या. जास्त दिवस राहायचं असेल तर उपचार इकडच्या सरकारी केंद्रात बदलून घेता येतो. गावी आलो म्हणून एकही दिवस गोळी चुकवू नका.

घरात गारवा करायचा तर पत्र्यावर पांढरा चुना किंवा पांढरा रंग द्या, ऊन परतवतो. पत्र्याखाली चटई, पोती, जुना फ्लेक्स बांधून मध्ये हवेची जागा ठेवा. समोरासमोर दोन झरोके पाडता आले तर वारा खेळतो.

पाणी न पिणारी बाई

आता मुख्य गोष्ट, जी बायका डॉक्टरलाही सांगत नाहीत. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्रीपासून आपण पाणी कमी करतो, कारण वाटेत शौचालय मिळेल की नाही, मिळालं तर आत पाऊल ठेवता येईल की नाही, याची खात्री नसते. वस्तीत राहणारी तर रोजच हे करते. रात्री लांबच्या सार्वजनिक शौचालयात एकटीने जायचं नाही, म्हणून संध्याकाळपासून घोटभर पाणी नाही. मुंबईच्या हवेत घामाने पाणी जातंय आणि वरून आपण पीत नाही. मग लघवी गडद, जळजळ, ओटीपोटात दुखणं, थंडी वाजून ताप. हे ‘पाणी बाधणं’ नाही, पाणी न पिणं आहे. जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. पोटुशी बाईला यातून लवकर कळा येण्याचा धोका असतो.

लघवीचा रंग हीच आपली फुकटची तपासणी. फिकट असेल तर पाणी पुरतंय, गडद पिवळा असेल तर लगेच प्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

परत आल्यावर ताप

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरलं आणि मग लेप्टोची साथ आली. उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून चाललं, की पायाच्या भेगांतून, जखमांतून हे जंतू शिरतात. दरवर्षी पावसाळ्यात हा धोका असतो. अशा पाण्यातून चालावं लागलं तर घरी साबणाने पाय धुवा आणि तीन दिवसांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. मुंबईत मलेरियाही आहे, त्याचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

दोन्ही आजार लगेच दिसत नाहीत. माणूस गावी परततो, कामाला लागतो आणि आठ-पंधरा दिवसांनी ताप येतो. डॉक्टर विचारत नाहीत, आपण सांगत नाही. म्हणून एक नियम पाळा. मुंबईहून आल्यावर महिन्याभरात ताप आला तर पौडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि पहिलं वाक्य हेच सांगा : ‘मी मुंबईला जाऊन आलोय, साचलेल्या पाण्यातून चाललोय.’ या एका वाक्याने रक्ताची योग्य तपासणी होते. पोटऱ्या फार दुखणं, डोळे लाल होणं, डोळे पिवळे पडणं, लघवी कमी होणं, यातलं काही असेल तर रात्रीची सकाळ करू नका.

चैत्यभूमीला जाताना

७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. तिथे आपण रांगेत तासन्तास उभे राहतो. डिसेंबरातही मुंबईची दुपार तीस अंशांच्या वर असते. तेव्हा :

– उपाशी निघू नका. भाकरी-चटणी, शेंगदाणे, गूळ, केळी असं टिकणारं बरोबर घ्या.
– माणशी एक पाण्याची बाटली आणि ओआरएसची दोन पाकिटं.
– डोक्याला पांढरा रुमाल किंवा पदर, पायात बसणारी चप्पल.
– बीपी-शुगरच्या गोळ्या चार दिवसांच्या, चिठ्ठीसह. बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासलं होतं. त्यांच्या दर्शनाला जाताना आपली गोळी चुकवणं बरं नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवावं.
– म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्यांनी दुपारची रांग टाळावी. पहाटे किंवा रात्री जावं.
– लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या खिशात नाव, गाव आणि घरच्यांचा फोन नंबर लिहून ठेवा.
– शिवाजी पार्कवर पालिकेचे पाण्याचे नळ, फिरती शौचालयं आणि आरोग्य कक्ष असतात. पोचल्याबरोबर ते कुठे आहेत ते बघून ठेवा. त्रास झाल्यावर शोधायला वेळ मिळत नाही.

मागायला शिका

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तोही उन्हाळाच होता. ताम्हिणी उतरून माणगाववरून गेलं की आपल्याला महाड जवळच. ओंजळभर पाणी पिण्यासाठी तो लढा होता, कारण पाण्यावर माणसाचा हक्क आहे. आज मेळाव्यात सावली, पाणी आणि स्वच्छ शौचालय मागणं ही त्याच हक्काची पुढची पायरी आहे. कार्यक्रम आपला असेल तर मंडप, पाणी आणि औषधपेटीचा खर्च बॅनरच्या आधी काढा. सभा सकाळी दहाच्या आत संपवा किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्या. सरकारचा असेल तर विहार समितीच्या नावाने आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

बुद्धांनी आनंदासोबत एका आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुऊन-पुसून अंथरुणावर निजवलं, ही गोष्ट विनयपिटकात आहे. एकमेकांची काळजी घ्या, असंच त्यांनी संघाला शिकवलं. गाडीत बसण्याआधी प्रत्येक गटाने दोन माणसं नेमावीत, एक बाई आणि एक पुरुष. रांगेत तासातासाला त्यांनी प्रत्येकाला विचारायचं : पाणी प्यायलास का, लघवीला गेलीस का, बरं वाटतंय का? पुढच्या रविवारी विहारात वंदना झाली की ही दोन नावं ठरवून टाका.

नमो बुद्धाय, जयभीम.