पगाराची मर्यादा आणि कराराची मुदत

माणूस तयार करायचा आपण आणि ऐन हंगामात त्याला न्यायचे दुसऱ्याने, ही तक्रार बाजारात रोज ऐकू येते. वडशात ती नाटकाच्या दिवसांत जास्तच ऐकू येते. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा हंगाम सुरू होतो, गावोगावची मंडळे येथील नाटक कंपन्यांच्या ऑफिसात येतात आणि पहिला सवाल करतात, "कलाकार कोण?" कंपनीचे खरे भांडवल पडदे नव्हेत, करारात बांधलेली माणसे आहेत.

व्यावसायिक फुटबॉलचा धंदाही असाच चालतो. मैदानावर संघ प्रशिक्षक खेळवतो, पण कोणाला किती पगारावर आणि किती वर्षांसाठी घ्यायचे, हे ऑफिस ठरवते. श्रीमंत मालकाने सगळेच चांगले खेळाडू विकत घेऊ नयेत, म्हणून काही स्पर्धांत संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. अमेरिकेत त्यांच्या अंडाकृती चेंडूच्या फुटबॉलमध्ये ही मर्यादा १९९४ साली आली. तेव्हा ती दर संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर झाली.

आपल्याकडे २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगनेही अशी मर्यादा घातली. २०२० च्या सुमारास ती १६.५ कोटी रुपये होती. गोव्याला जेवढी, तेवढीच मुंबईला. मग मर्यादा सारखी असताना एका संघाची माणसे दुसऱ्याकडे गेली कशी?

जानेवारी २०२० मध्ये एफसी गोवाने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले. त्या वेळी संघ वरच्या स्थानावर होता आणि पुढे साखळीत पहिलाही आला. परंतु त्याच वर्षी लोबेरा मुंबई सिटीत गेले. अहमद जाहूह, मुर्तदा फॉल, ह्युगो बूमूस आणि गोव्याचाच मंदार राव देसाई हेही मुंबईत दाखल झाले. बूमूसच्या करारात ठरावीक रक्कम भरल्यास त्याला सोडण्याची अट होती. मुंबईने ती रक्कम भरली. पुढच्या हंगामात मुंबईने साखळी जिंकली आणि १३ मार्च २०२१ रोजी गोव्याच्याच फातोर्डा मैदानावर अंतिम सामनाही जिंकला.

यातून दिसते की पगाराची मर्यादा फक्त तिजोरीला कुलूप लावते, माणसाला नाही. माणूस बांधला जातो तो कराराच्या मुदतीने आणि अटींनी. जागतिक फुटबॉलच्या नियमांप्रमाणे करार साधारणपणे पाच वर्षांहून जास्त करता येत नाही, आणि शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या संघाशी बोलणी करू शकतो. म्हणून हुशार ऑफिस मुदत संपायची वाट पाहत नाही. शिवाय माणसे ज्याच्या भरवशावर काम करतात त्याला काढताना, मागे कोण टिकेल याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. करार खेळाडूला बांधतो, तसा मालकालाही बांधतो. जुलै २०२५ मध्ये ही स्पर्धाच थांबली, कारण ती चालविणाऱ्या कंपनीचा भारतीय फुटबॉल महासंघाशी २०१० साली झालेला करार डिसेंबरात संपत होता आणि नवा झाला नव्हता. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडू व कर्मचाऱ्यांचे पगार थांबविले. कागदावर मुदत बाकी होती, पण घरी पगार येत नव्हता. स्पर्धा फेब्रुवारी २०२६ मध्ये सुरू झाली, तीही आखूड स्वरूपात. वरचा एक करार वेळेवर झाला नाही, त्याची किंमत खाली राबणाऱ्यांनी मोजली.

जागतिक नियम याबाबत स्पष्ट आहेत. मालकाने दोन महिन्यांचा पगार थकविला, तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत द्यावी. तरीही पैसे आले नाहीत, तर तो करार सोडू शकतो.

आपल्या दुकानात, गिरणीत किंवा नाटक कंपनीत कोटींचे आकडे नसतात. तरीही ठरलेली रक्कम, मुदत आणि सोडण्याची अट लेखी असावी. मुदत संपण्याच्या आधीच माणसाशी बोलावे आणि पगार तारखेला द्यावा. ज्याला वेळेवर पगार मिळत नाही, त्याला कागद दाखवून थांबविता येत नाही.