पॅकेट-दूरध्वनी : अनेक ठिकाणच्या व्यवसाय-जालातील ध्वनिदोष

बोलण्याच्या आवाजाचे अंकीय संकेतांत रूपांतर करून ते संकेत लहान तुकड्यांच्या म्हणजे पॅकेटांच्या रूपात संगणक-जालातून पाठविण्याच्या पद्धतीस पॅकेट-दूरध्वनी म्हणतात. एकाच व्यवसायाची कचेरी, कारखाना व गुदामे निरनिराळ्या गावी असली, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या जालातून हिशेब व पत्रव्यवहार यांच्याबरोबर बोलणेही नेता येते आणि वेगळ्या दूरध्वनी तारांचा खर्च वाचतो. मात्र पॅकेटे वाटेत हरवली किंवा उशिरा पोहोचली, तर शब्द तुटतात, आवाज खरखरतो किंवा दोघेही एकाच वेळी बोलू लागतात. पुढील विवेचन या दोषांची कारणे व त्यांचे नेमके स्थान शोधण्याची रीत यांविषयी आहे.

जुन्या दूरध्वनी पद्धतीत संभाषण चालू असेपर्यंत दोन टोकांमधील एक संपूर्ण मार्ग त्या संभाषणासाठी राखून ठेवलेला असे. पॅकेट-जालात असे आरक्षण नसते. प्रत्येक पॅकेट इतरांच्या गर्दीतून आपली वाट काढते. अमेरिकेतील आर्पानेट या जालावर १९७४ मध्ये आवाज पाठविण्याचे प्रयोग झाले. डॅनी कोएन हे या प्रयोगांतील एक प्रमुख संशोधक होत. हरवलेला मजकूर पुन्हा मागवून घेण्याची सोय पत्रे व आकडे यांना उपकारक असली, तरी आवाजाला ती निरुपयोगी आहे, हे या प्रयोगांत स्पष्ट झाले. कारण पुन्हा मागविलेला तुकडा हाती येईपर्यंत त्याची ऐकण्याची वेळ टळून गेलेली असते. १९७८ मध्ये मूळच्या एकसंध टीसीपी नियमावलीतून पत्त्याप्रमाणे पॅकेट पुढे नेण्याचे काम आयपी म्हणून वेगळे काढण्यात आले, त्यामागे हेही एक कारण होते. पुनःप्रेषण न करणारी यूडीपी नियमावली १९८० मध्ये, तर तिच्या आधारे आवाज व चित्र वाहणारी आरटीपी नियमावली १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली.

आवाजाचे पॅकेट : जी.७११ या रूढ संकेतन पद्धतीत आवाजाचे सेकंदास ८,००० नमुने घेतात व प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडतात. म्हणजे सेकंदास ६४,००० बिट होतात. सामान्यतः २० मिलिसेकंदांचा (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) आवाज एका पॅकेटात भरतात. हा आवाज १६० बाइट भरतो. त्याला पत्ता, क्रमांक व वेळ दाखविणारा ४० बाइटांचा शीर्षभाग जोडावा लागतो. अशी २०० बाइटांची ५० पॅकेटे दर सेकंदाला एका दिशेने जातात व त्यांसाठी ८०,००० बिट खर्ची पडतात. जी.७२९ या पद्धतीत आवाज सेकंदास ८,००० बिटांत बसतो. पण शीर्षभाग तेवढाच राहिल्याने प्रत्यक्ष खर्च २४,००० बिटांचा होतो. आशयापेक्षा पाकीटच जड, असा हा प्रकार आहे.

हानी, विलंब व विलंबातील चढउतार : एखादेच पॅकेट हरवले, तर ग्राही यंत्र मागील आवाजावरून ती फट बुजविते. जी.७११ साठी १९९९ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत हा बनावट आवाज हळूहळू क्षीण करीत ६० मिलिसेकंदांत शून्यावर आणतात. म्हणून हानी किती टक्के झाली यापेक्षा ती कशी विखुरली हे अधिक महत्त्वाचे ठरते. तीन मिनिटांच्या संभाषणात एका दिशेने ९,००० पॅकेटे जातात. त्यांतील १ टक्का, म्हणजे ९० पॅकेटे, एकेकटी हरवली तर ऐकणाऱ्यास फारसे जाणवत नाही. तीच ९० पॅकेटे पंधरा-पंधराच्या सहा झुंडींनी गेली, तर प्रत्येक वेळी ३०० मिलिसेकंदांची पोकळी पडते व शब्दाचा शेवट पुसला जातो. मराठी संख्यावाचकांत ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’ यांचा भेद शेवटच्या अक्षरांतच असल्याने, गुदामाला मालाची संख्या सांगताना अशी पोकळी केवळ त्रासदायक न राहता नुकसानकारक होते. दोन्ही संभाषणांचा टक्केवारीचा अहवाल मात्र एकच येतो.

एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीत म्हटले आहे. ४०० मिलिसेकंद ही जालाच्या आखणीत न ओलांडण्याची मर्यादा मानतात. प्रकाशीय तंतूतून संकेतास १,००० किमी. जाण्यास सु. ५ मिलिसेकंद लागतात. तेव्हा राज्यातल्या राज्यात पसरलेल्या व्यवसायात अंतर हे विलंबाचे कारण सहसा नसते. पॅकेट रांगेत किती वेळ ताटकळते यावर सर्व अवलंबून असते. ही ताटकळ प्रत्येक पॅकेटाला वेगवेगळी पडते. तिची विषमता झाकण्यासाठी ग्राही यंत्र पॅकेटे थोडा वेळ साठवून ठेवते व नंतर समान गतीने वाजविते. साठवणीच्या मुदतीनंतर आलेले पॅकेट टाकून द्यावे लागते. जालाच्या दृष्टीने ते पोहोचलेले असते, कानाच्या दृष्टीने हरवलेलेच. जालाची नोंद निर्दोष आणि तक्रार मात्र खरी, असे अनेकदा घडते ते यामुळेच.

हानीची स्थाने : रांग भरून वाहणे हे हानीचे सर्वसामान्य कारण होय. समजा, पुण्याच्या मुख्य कचेरीची जोडणी सेकंदास १०० मेगॅबिटांची (मेगॅबिट म्हणजे दहा लक्ष बिट) व नाशिकच्या कारखान्याची १० मेगॅबिटांची आहे. पुण्याहून मोठी फाइल नाशिककडे निघाली, की पॅकेटे वाहक कंपनीच्या नाशिककडील टोकाशी तुंबतात. पुण्याच्या राउटरला गर्दी दिसतच नाही, कारण त्याचा स्वतःचा रस्ता मोकळा असतो. म्हणून त्यात घालून ठेवलेला आवाजाच्या अग्रक्रमाचा नियमही जागा होत नाही. याचाच दुसरा प्रकार म्हणजे १०० मेगॅबिटांच्या जोडणीवर १० मेगॅबिटांचाच करार असणे. कराराबाहेरची पॅकेटे वाहक कंपनी सरळ टाकून देते. पाच मिनिटांची सरासरी दाखविणाऱ्या आलेखात वापर ३० टक्के दिसतो, परंतु हानी सेकंदाच्या काही शतांशांत होऊन गेलेली असते.

याहून फसवा दोष इमारतीतच आढळतो. तारेच्या एका टोकाचे यंत्र ‘दोन्ही दिशांना एकदम’ अशा स्थितीत हाताने बांधलेले व दुसरे टोक स्वयंनिर्णयावर सोडलेले असेल, तर दुसऱ्याला पहिल्याकडून वाटाघाटीचा संकेत मिळत नाही आणि ते ‘एका वेळी एकच दिशा’ अशी स्थिती धरून बसते. रहदारी विरळ असताना सर्व सुरळीत चालते. कचेरी भरली की पॅकेटांच्या टकरी होऊ लागतात. सकाळी आठ वाजता आलेल्या तंत्रज्ञाला काहीच सापडत नाही, ते यामुळे. सैल जोड, दुखावलेली तार व बिनतारी जोडणीतील गोंगाट यांमुळेही हानी होते. ती यंत्रांवरील चुकांच्या गणकांत नोंदली जाते.

दोषशोधन : तक्रार ऐकणारा करतो, दोष त्याच्याकडे येणाऱ्या दिशेत असतो. नाशिकला शब्द तुटत असतील व पुण्याला स्पष्ट ऐकू येत असेल, तर पुणे ते नाशिक ही दिशा तपासावी. दोन्ही दिशांच्या रांगा वेगळ्या, क्वचित मार्गही वेगळे असतात. प्रतिध्वनीचे मात्र उलट आहे : तो ज्याला ऐकू येतो त्याच्या समोरच्या टोकाशी उत्पन्न होतो. दूरध्वनी यंत्रे ठराविक काळाने आरटीसीपी या नियमावलीनुसार आपल्याला आलेल्या आवाजाची हानी व विलंबातील चढउतार एकमेकांस कळवितात. दिशा ठरविण्यास हा पुरावा सर्वांत सोयीचा होय.

दुर्दैवाने शोधाची सुरुवात बहुधा पिंग या साधनाने होते. माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये तयार केलेले हे साधन पॅकेट पाठवून उत्तराची वाट पाहते. त्यामुळे हानी जाताना झाली की येताना, हे त्यावरून कळत नाही. शिवाय सेकंदाला एक याप्रमाणे ते तासात ३,६०० पॅकेटे पाठविते, तर त्याच वेळात संभाषणाची एका दिशेची १,८०,००० पॅकेटे जातात. मिनिटाकाठी एकदा पडणारी ३०० मिलिसेकंदांची पोकळी त्याच्या दोन हाकांमधून सहज निसटते. मार्गातील प्रत्येक राउटरचे उत्तर तपासणाऱ्या ट्रेसरूटसारख्या साधनांचे वाचनही जपून करावे लागते. राउटर स्वतः उत्तर देण्याचे काम सवडीने करतो. मधल्या एका टप्प्यावर ४० टक्के हानी व पुढील सर्व टप्प्यांवर शून्य दिसली, तर तो राउटर निर्दोष समजावा. हानी एखाद्या टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकत असेल, तरच तिचा विचार करावा. वाहक कंपनीशी झालेले कित्येक निष्फळ वाद हा भेद न कळल्याने उद्‌भवलेले असतात.

निर्णायक पुरावा आरटीपीच्या क्रमांकांत असतो. मार्गावरील दोन ठिकाणी एकाच संभाषणाची पॅकेटे टिपून क्रमांक पडताळले, की हानी त्या दोन ठिकाणांच्या दरम्यान आहे की अलीकडे, हे निश्चित होते. मग मधले ठिकाण घ्यावे व अंतर निम्म्याने कमी करीत जावे. पुण्याच्या राउटरमधून बाहेर पडताना सर्व क्रमांक आहेत आणि नाशिकच्या राउटरपाशी ४१२ ते ४२६ नाहीत, एवढे दाखविले, तर वादाला जागा उरत नाही. चाचणी मात्र ज्या वेळी तक्रार येते त्याच वेळी घ्यावयास हवी.

उपाय : जोडणीची क्षमता वाढविणे हा पहिला सुचणारा आणि पुष्कळदा वाया जाणारा उपाय आहे. टीसीपीने जाणारी मोठी फाइल मिळेल तेवढी क्षमता व्यापते व रांग पुन्हा भरते. यंत्रांतील साठवण फार मोठी असली, तर हानी कमी दिसून विलंब मात्र वाढतो. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दोषाकडे लक्ष वेधले आणि कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रांग आवरण्याची रीत मांडली. आवाजाच्या पॅकेटांवर ४६ हा अग्रक्रमांक घालून त्यांना वेगळ्या रांगेतून प्रथम सोडतात. हा शिक्का वाहक कंपनीच्या जालात पाळला जातो की पुसला जातो, हे दूरच्या टोकाला पॅकेट उघडून पाहावे. त्याचबरोबर पुण्याच्या राउटरने नाशिकसाठीचा एकूण प्रवाह १० मेगॅबिटांहून किंचित कमी वेगाला बांधून ठेवावा, म्हणजे रांग आपल्या ताब्यातील यंत्रात तयार होते व अग्रक्रम खऱ्या अर्थाने अमलात येतो.

अग्रक्रमाच्या रांगेलाही मर्यादा असते. वीस संभाषणांसाठी आखलेल्या रांगेत एकविसावे शिरले, तर त्या एकट्याचे नव्हे, एकवीसही जणांचे बोलणे तुटू लागते. म्हणून जादा संभाषण सुरूच होऊ न देता त्याला ‘मार्ग व्यस्त’ असा संकेत देतात. कारखान्यात आग किंवा अपघात झाला, की याच वेळी सर्वजण एकदम दूरध्वनी उचलतात. तेव्हा अग्निशामक दल व रुग्णवाहिका यांचे क्रमांक या मर्यादेतून वगळतात, आणि प्रत्येक ठिकाणी आंतर-कार्यालयीन जालावर अवलंबून नसलेली किमान एक जोडणी राखून ठेवतात.