शिंदीच्या झाडावरचा जाहीरनामा

लक्ष्मीपूजनाला आपण ज्या केरसुणीला हळदीकुंकू वाहतो, ती कशाची असते सांगा बरं? शिंदीच्या पानांची! शिंदी म्हणजे खजुराची रानातली बहीण. ओढ्याकाठी उभी असते आणि पानाचं टोक असं टोचतं, की बोट चोखत घरी यावं लागतं. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या माणसांनी एका बलाढ्य राजाला 'तुझं राज्य आम्हाला मान्य नाही' असं सांगायला हेच झाड निवडलं.

१५ ऑगस्ट १९४७ ला सोलापुरात तिरंगा फडकला. तिथून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर आई भवानीचं तुळजापूर, पण तिथं स्वातंत्र्य पोचलंच नाही! कारण तुळजापूर होतं हैदराबादच्या निजामाच्या राज्यात. निजाम मीर उस्मान अली खान, ज्याच्या नावावरून जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत, त्यानं जूनमध्येच सांगून टाकलं होतं, की इंग्रज गेले तरी हैदराबाद भारतात जाणार नाही. सीमेवर त्याचे करोडगिरी नाके होते, तिथं मालावर जकात भरायची. पैसासुद्धा निराळा! तिकडे कलदार रुपया, इकडे हाली. सहा कलदारांचे सात हाली मिळत.

या राज्याविरुद्ध उभे राहिले स्वामी रामानंद तीर्थ. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते मुख्याध्यापक होते. एका खेडेगावातले गुरुजी, पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते झाले. त्यांच्या हाकेवरून ७ ऑगस्ट १९४७ ला 'भारतात सामील व्हा' दिन पाळला गेला. १५ ऑगस्टला त्यांनी हैदराबादेतच तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली.

आता झेंडा लावला की तुरुंग. मग गावातल्या साध्या माणसानं आपलं म्हणणं सांगायचं कसं? सत्याग्रही कुऱ्हाडी घेऊन शिंदीच्या बनात शिरले.

शिंदीच का? शेंड्याजवळ खोडाला खाच पाडून खाली मडकं बांधलं, की रात्रभर थेंब थेंब गोड रस गळतो. पहाटे ती नीरा. पण हवेतल्या, मडक्यातल्या यीस्ट नावाच्या इवल्याशा जिवांना साखर भारी आवडते. ते ती खातात, बुडबुडे सोडतात आणि साखरेचा मद्यार्क करून टाकतात. ऊन चढेपर्यंत रस फसफसून आंबतो आणि त्याची नशा येणारी शिंदी होते. तिच्यावर होता अबकारी कर, आणि निजामाची तिजोरी भरणाऱ्या मोठ्या करांपैकी तो एक. म्हणजे झाड पडलं, की तिजोरीत जाणारा पैसा थांबला!

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. आंब्याची फांदी तोडली तर बाजूनं धुमारे फुटतात. शिंदीला फांद्याच नसतात. तिची सगळी वाढ शेंड्यातल्या एकाच कोंबातून होते. तो कोंब तुटला की झाड संपलं, खोडातून पुन्हा काही फुटत नाही. दंड ठोठावून किंवा नवे शिपाई नेमून निजाम ते झाड परत उभं करू शकत नव्हता. झाड तोडलेलं मला एरवी मुळीच खपत नाही. पण बंदुकीसमोर कुऱ्हाड खांद्यावर टाकून जाणाऱ्या त्या माणसांच्या धाडसापुढं मान लवते.

लोकांनी सरकारला सक्तीनं द्यावी लागणारी धान्याची लेव्ही नाकारली, नाक्यांवर हल्ले केले. त्याची किंमतही फार मोठी मोजली. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, गावं लुटली, घरं जाळली. या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी होता लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. कितीतरी कुटुंबं सीमा ओलांडून सोलापूर, बार्शीकडे गेली.

अखेर १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरहून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्गला बोरी नदीचा पूल तिच्या ताब्यात आला. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. तुळजापूरला स्वातंत्र्य मिळालं ते सोलापूरनंतर तेरा महिन्यांनी.

पुढच्या वेळी ओढ्याकाठी जुनी शिंदी दिसली, तर खोडाकडे नीट बघा. रस काढलेल्या झाडावर एक खाच या बाजूला, दुसरी त्या बाजूला, अशा नागमोडी पायऱ्या दिसतात. एक खाच म्हणजे रस काढल्याचं एक वर्ष. मोजा पाहू, किती भरतात!