सामायिक कॅश जोडताना

चिप घडवण्याआधी ती कशी वागेल हे पाहायला संशोधक सिम्युलेटर वापरतात. त्यांतला जेम-फाइव्ह जगभर वापरात आहे. मिशिगन विद्यापीठाचा एम-फाइव्ह आणि विस्कॉन्सिनचा जेम्स एकत्र करून तो २०११ मध्ये पुढे आला.

त्यात कॅशची, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीची रचना पायथनमध्ये लिहितात. सामायिक कॅशसाठी प्रत्येक कोअरला स्वतःची पहिल्या पातळीची कॅश, एल-१. त्या साऱ्या एका क्रॉसबारला जोडायच्या आणि खाली दुसऱ्या पातळीची एकच एल-२. कॅश सामायिक की खासगी, हे फक्त जोडणीवरून ठरतं. एल-२ आणि तिच्या जोडणीच्या ओळी कोअरच्या लूपमध्ये गेल्या, की चार कोअरना चार खासगी एल-२ मिळतात. सिम्युलेशन बिनतक्रार चालतं, आकडेही येतात, पण भलत्याच यंत्राचे! म्हणून प्रत्येक वेळी तयार होणारी कॉन्फिग फाइल उघडून जोडण्या तपासाव्यातच.

कॅशचा आकार सगळेच बघतात. दुर्लक्ष होतं ते एमएसएचआरकडे, म्हणजे कॅशमध्ये न सापडलेल्या आणि मेमरीकडे मागितलेल्या डेटाच्या नोंदींकडे. या नोंदींच्या जागा भरल्या की कॅश नव्या विनंत्या थोपवून धरते. एका कोअरपुरती या जागांची संख्या सामायिक कॅशला तशीच ठेवली, तर कोअर एकमेकांची वाट अडवतात, आणि मग मेगाबाइट वाढवूनही वेग फारसा हलत नाही.