शाळांचे विलीनीकरण : जमाखर्चाची दुसरी बाजू

खानापूर तालुक्यातल्या ज्या मराठी शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो, तिचा पट गेल्या वर्षी अकरावर आला. ती चार किलोमीटरवरच्या शाळेत विलीन करावी असा विषय निघाला, तेव्हा गावाने देवळात बैठक बोलावली आणि कॉलेजातले मास्तर म्हणून मलाही निरोप धाडला. बैठकीत एका वयस्कर शेतकऱ्याने विचारले, "मास्तर, शाळा बंद केली की सरकारचे पैसे वाचतात म्हणे. किती वाचतात, आणि कुणाचे?" मला उत्तर देता आले नाही. साहित्याच्या अध्यापकाने जमाखर्चाच्या वाटेला जाऊ नये असा एक अलिखित संकेत आहे. तो बाजूला ठेवून त्या प्रश्नाचे उत्तर येथे शोधले आहे.

विलीनीकरणाची बाजू

ही बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०१६-१७ च्या आकडेवारीवरून नोंदवले आहे की, देशातील सरकारी प्राथमिक शाळांपैकी सुमारे २८ टक्के शाळांत तीसपेक्षा कमी मुले होती आणि १,०८,०१७ शाळा एकशिक्षकी होत्या. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचा विचार पुढे आला, तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांची चर्चा झाली. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक होते; म्हणजे शाळेमागे बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक. अशा शाळेत एका शिक्षकाला एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. खो-खोचा संघ उभा राहत नाही. एखाद्या इयत्तेत एकटेच मूल असते आणि त्याला वर्गमित्र असा नसतोच. पालकांनाही हे दिसत असते. म्हणून तर ज्यांना परवडते ते मुलांना आधीच शहरातल्या शाळेत घालतात.

बचतीचे गणित

आता आमच्या शाळेचा हिशेब मांडू. समग्र शिक्षा योजनेत तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये एकत्रित शाळा अनुदान मिळते. खडू-फळ्यापासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सारे त्यात. शाळा बंद झाली की हे दहा हजार वाचतात. पण शिक्षण हक्क कायद्याखालील केंद्राच्या २०१० च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. त्याहून दूर जावे लागणाऱ्या मुलांसाठी त्याच योजनेत प्रत्येकी वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत वाहतूक खर्चाची सोय आहे. अकरा मुलांचे होतात ६६,०००. म्हणजे दहा हजारांच्या बचतीसाठी सहासष्ट हजारांचा नवा खर्च.

मोठी बचत शिक्षकांच्या पगारात आहे, असे उत्तर यावर मिळते. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टपासून नव्वदपर्यंत तीन शिक्षक लागतात. ज्या शाळेत आमची मुले जायची तिचा पट ३८ आहे. अकरा मिळवले की ४९, म्हणजे तिथले दोन शिक्षक पुरतात आणि आमचे दोघे मोकळे होतात. तोच पट ५५ असता तर बेरीज ६६ झाली असती आणि तिसरा शिक्षक लागला असता. तेव्हा बचत ही प्रत्येक ठिकाणच्या आकड्यांवर ठरते. शिवाय मोकळ्या झालेल्या शिक्षकांची बदली होते, पगार चालूच राहतो. पुढे कधीतरी नवी भरती टळली, तरच ती बचत खजिन्यात दिसते.

काही खर्च कोणत्याच सरकारी वहीत लिहिला जात नाही. वाहतुकीची रक्कम मंजूर झाली नाही किंवा उशिरा आली, तर वडापचे भाडे घरातून जाते. पावसाळ्यात ओढा चढला की वडाप येत नाही. जंगलातल्या वाटेने सहा वर्षांच्या मुलीला एकटे कोण पाठवणार? मग आई किंवा आजी सोबत निघते आणि तिचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. गावकऱ्यांनी श्रमदानाने बांधलेली शाळेची इमारत रिकामी पडते. एसडीएमसी, म्हणजे शाळा सुधारणा समितीही जाते. तिच्यात पालकांचे बहुमत असते आणि शाळेच्या खर्चाचा जाब विचारण्याची गावाची तीच एक जागा असते. मोठ्या गावच्या समितीत अकरा मुलांच्या पालकांचा आवाज कितीसा उरणार?

पैसे कुणाचे

शेतकऱ्याच्या प्रश्नातला दुसरा शब्द अधिक महत्त्वाचा होता. 'सरकारचे पैसे' हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी बसला आहे, पण आमच्या भागात प्राथमिक शाळा ज्या पैशावर वाढल्या त्याचा उगम स्पष्ट आहे. १८६३ पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी घेतली जाऊ लागली. तिचे दोन भाग रस्त्यांसाठी आणि एक भाग शाळांसाठी असे. बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी नेमके हेच दाखवून दिले होते की, महसूल येतो रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. आज ती पट्टी नाही. पण खतापासून मोबाइलपर्यंत प्रत्येक खरेदीवर शेतकरी कर भरतोच. तो वेगळा दिसत नाही, एवढेच.

अमेरिकेत तो दिसतो. तिथे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' ही स्वतःचे मंडळ असलेली स्थानिक संस्था असते आणि तिचा बराच खर्च घराजमिनीवरच्या करातून निघतो. म्हणून तिथे दोन डिस्ट्रिक्ट एक करायचे म्हटले की लोक आधी विचारतात, माझा कर वाढेल की घटेल? विल्यम डंकम आणि जॉन यिंगर या अभ्यासकांनी न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातील १९८५ ते १९९७ या काळातली एकत्रीकरणे तपासली. ३०० विद्यार्थ्यांच्या डिस्ट्रिक्टची पटसंख्या दुप्पट झाली की दरडोई चालू खर्च ६१.७ टक्के घटतो असे त्यांना आढळले. पण जुळवाजुळवीचा आणि विशेषतः इमारतींचा खर्च धरला की निव्वळ बचत ३१.५ टक्के उरते. १,५०० विद्यार्थ्यांच्या डिस्ट्रिक्टमध्ये ती १४.४ टक्केच राहते. बचत खरी असते, मात्र पहिल्या कागदावर दिसते त्याच्या जेमतेम निम्मी किंवा त्याहून कमी. पालकांचा वेळ तर डिस्ट्रिक्टच्या वहीत येतच नाही.

माध्यमाचा प्रश्न

सीमाभागात आणखी एक रकाना वाढतो. राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने त्यासाठी शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असा निकष सुचवला होता. आकड्याचा हा निकष दोन्ही बाजूंनी लागू होतो. दोन लहान मराठी शाळा एकत्र आल्या तर त्यांचा पट या रेषेवर जाऊ शकतो आणि माध्यम टिकते. पण मराठी शाळा जवळच्या दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत गेली, तर पहिल्याच वर्षी मुलांचे माध्यम बदलते. गोव्यातही खेड्यातली मराठी शाळा बंद पडली की पालक पुढची शाळा मराठी आहे का हे पाहतोच असे नाही. म्हणून विलीनीकरणाला सरसकट विरोध करण्यापेक्षा ती शाळा कुठल्या शाळेत विलीन होणार, हे आधी विचारायला हवे.

शिक्षण धोरणातच एक मधला मार्ग आहे. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये सुचवलेली शाळा संकुलाची कल्पना त्यात पुन्हा आली आहे. परिसरातील शाळा आपापल्या जागी राहतात. कला, क्रीडा आणि भाषेचे शिक्षक, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा वाटून वापरतात. इथे अकरा मुलांना रोज प्रवास करावा लागत नाही. शिक्षक आठवड्यातून एक-दोनदा प्रवास करतो.

आमच्या गावाने शेवटी एक अर्ज केला. त्यात विरोधाचा शब्द नाही, चार रकान्यांची मागणी आहे : वाचणारी रक्कम, नवा वाहतूक खर्च, पालकांवर पडणारा खर्च आणि पुढच्या शाळेचे माध्यम. हे भरून दिल्यावर गाव निर्णय घेईल, असे खाली लिहिले आहे. अर्जाला उत्तर यायचे आहे आणि शाळा तूर्त भरते आहे. किती पैसे वाचतात ते त्या रकान्यांवरून कळेल. ते कुणाचे, याचे उत्तर मात्र मी त्या शेतकऱ्याला देऊन आलो : तुमचेच.