शूल्यपाकाची सळई : धातूची निवड आणि घरगुती वापर

विरुद्धाहाराचा विचार करताना आपण द्रव्य, मात्रा, काल, संस्कार यांचा ऊहापोह करतो. परंतु अन्न ज्या साधनावर शिजते, त्या साधनाकडे सहसा दुर्लक्ष होते. चरकसंहितेत तसे दुर्लक्ष झालेले नाही. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या, म्हणजे आत्रेयभद्रकाप्यीय अध्यायात विरुद्ध अन्नाची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत मोराचे मांस एरंडाच्या काडीला टोचून, एरंडाच्याच अग्नीवर भाजून, एरंडतेलासह सेवन केल्यास ते तत्काळ घातक ठरते, असे सांगितले आहे. हारिद्रक पक्ष्याच्या मांसाबाबतही हारिद्राची काडी आणि हारिद्राचा अग्नी यांचा असाच निषेध आहे. मूळ पाठात या काडीसाठी 'सीसक' हा शब्द योजला आहे. रसशास्त्रात मुरलेल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर त्या शब्दाने प्रथम शिसे उभे राहील. येथे मात्र मांस टोचून भाजण्याची काडी एवढाच अर्थ आहे. मोर हा आज संरक्षित राष्ट्रीय पक्षी असल्याने या विधानाची परीक्षा कोणी पाहणार नाही, पाहूही नये. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतकेच, की संहिताकारांनी काडीची गणना अन्नाच्या घटकांतच केली आहे.

हा विषय आताच लिहावासा वाटण्याचे कारण माझ्या कर्वेनगरातील चिकित्सालयात घडले. ज्या हिंगण्याच्या माळावर १९०० साली महर्षी कर्वे यांच्या आश्रमाची झोपडी उभी राहिली, त्या परिसरात आज सदनिकांच्या रांगा आहेत आणि त्यांतील कित्येक स्वयंपाकघरांत गॅसवर ठेवायचा तंदूर, विजेची भट्टी किंवा गच्चीवर न्यायची कोळशाची शेगडी आली आहे. रविवारी पनीर, ढोबळी मिरची, फुलकोबी, कोंबडी असे पदार्थ दह्यामसाल्यात मुरवून सळईवर भाजले जातात. अशाच एका रविवारी दुपारी एका कुटुंबातील चौघे जण उलट्या, पोटात मुरडा आणि तोंडाला विलक्षण तुरट, धातूसारखी चव अशा तक्रारी घेऊन आले. जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासातच लक्षणे सुरू झाली होती. ज्या आजींनी केवळ वरणभात घेतला होता, त्यांना काहीही झाले नव्हते. प्रथमदर्शनी मी पनीर शिळे असावे असे मानले. दोघांना सलाईनसाठी जवळच्या रुग्णालयात पाठवावे लागले. सायंकाळपर्यंत सर्वांना आराम पडला.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी सळया आणून दाखविल्या. घराच्या कामातून उरलेली जाड जी. आय. तार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार कापून त्यांनी त्या स्वतः केल्या होत्या. पनीर आणि भाज्या शनिवारी रात्रीच तारेत ओवून, दही आणि लिंबाच्या मुरवणासह शीतकपाटात ठेवल्या होत्या. जेथे मुरवण लागले होते, तेथे तारेची चकाकी जाऊन पांढुरके, खरखरीत चट्टे पडले होते. अन्नाची रासायनिक तपासणी झाली नाही, त्यामुळे ठाम निदान मी करीत नाही. दूषित पनीरानेही इतक्या लवकर उलट्या होऊ शकतात. परंतु तोंडाची ती चव, लक्षणांचा वेग आणि तारेवरचे चट्टे यांची संगती जस्ताशी अधिक चांगली लागते. जस्ताच्या मुलाम्याच्या भांड्यांत ठेवलेल्या आंबट पदार्थांनी विषबाधा झाल्याच्या नोंदी आधुनिक वैद्यकात जुन्या आहेत, आणि झिंक सल्फेट हे तर एकेकाळी वामक औषध म्हणूनच वापरले जाई.

हा प्रसंग सांगितल्यावर एका फार्मसीमालक स्नेह्यांनी विचारले, "वैद्यराज, यशद भस्म आपण रोज देतो. मग जस्ताची एवढी भीती कशासाठी?" प्रश्न योग्य आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या मनात तो येईल. यशद भस्म शोधन-मारणातून गेलेले असते आणि त्याची मात्रा गुंजेच्या हिशेबात मोजून दिली जाते. रात्रभर दह्यात भिजलेल्या तारेतून उतरणारे जस्त हे लॅक्टिक व सायट्रिक आम्लांशी संयोग पावलेले, विरघळलेले क्षार असतात; त्यांचे ना शोधन झालेले असते, ना मोजमाप. भस्माचा न्याय त्यांना लावता येत नाही.

तांबे आणि पितळ यांचे तर आपल्याला वेगळे सांगावयास नको. अशुद्ध ताम्राला विषापेक्षा अधिक दोषांचे मानणारे रसग्रंथ आणि तुत्थाचा वामक म्हणून होणारा वापर आपणांस परिचित आहे. शास्त्र न वाचलेल्या आपल्या आजीलाही कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते हे ठाऊक होते, आणि कल्हईवाल्याची हाक येईपर्यंत ते भांडे ती फळीवर चढवून ठेवीत असे. परंतु सळईला कल्हई हा उपाय नव्हे. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, तर धगधगत्या निखाऱ्यांचा पृष्ठभाग सहाशे-सातशे अंशांच्या घरात असतो. म्हणून भेटवस्तूंच्या दुकानांतील नक्षीदार पितळी वा तांब्याच्या सळया भिंतीवर शोभतात. दह्यात मुरलेल्या अन्नात त्या टोचू नयेत. मूठ पितळी आणि पाते पोलादी असेल, तर हरकत नाही.

अॅल्युमिनियम आम्लाने झिजते आणि ६६० अंशांना वितळते. कोळशाजवळ त्याच्या सळया मऊ पडतात. त्यांचा विचार येथेच सोडून देऊ.

साध्या लोखंडाची सळई ही तंदूरवाल्यांची परंपरागत सळई. ती विषारी नाही. त्रिफळा लोहपात्रात भिजविल्यावर जो काळा रंग येतो, तीच क्रिया येथे अल्प प्रमाणात घडते. आंबट मुरवण काळवंडते आणि चव किंचित बिघडते. भटारखान्यात सळई दिवसभर तापलेली आणि तेलकट असते, म्हणून ती गंजत नाही. घरी महिन्यातून एकदा वापरली जाणारी सळई ओलसर कपाटात पडून राहते व तिला तांबेरा चढतो. ज्यांना तेलाचे बोट लावून ठेवण्याची शिस्त आहे, त्यांनी लोखंड खुशाल वापरावे.

बहुसंख्य घरांसाठी मात्र स्टेनलेस स्टील हाच योग्य पर्याय होय. फार्मसीतील पातेल्यांमुळे ३०४ हा आकडा आपल्या परिचयाचा आहे : सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. सळयांवर असा शिक्का क्वचितच आढळतो, आणि बोहरी आळीत वा तुळशीबागेत विचारले तर "साहेब, चुंबक लावून बघा" हे उत्तर ठरलेले. चुंबकाची ही कसोटी अपुरी आहे. ३०४ ला चुंबक सहसा चिकटत नाही, हे खरे. पण निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त २०२ प्रतीलाही तो चिकटत नाही. उलट ४३० या प्रतीला तो चांगला चिकटतो, तरी ते खरे स्टेनलेस स्टीलच असते. त्यात निकेल जवळजवळ नसल्याने, खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या त्वचेवर कंडू व विस्फोट उठतात अशा रुग्णांना मी ४३० चीच शिफारस करतो.

चुंबकापेक्षा लिंबू अधिक उपयोगी. नवी सळई साबणाने धुऊन पुसावी, तिच्या एका भागावर लिंबाची फोड चोळून रस तासभर राहू द्यावा आणि नंतर पाहावे. जस्ताचा मुलामा असेल तर तेवढाच भाग निस्तेज, करडा होतो. साधे लोखंड असेल तर काळसर डाग पडतो. स्टेनलेस स्टील जसेच्या तसे राहते. या परीक्षेतून एक लबाडी निसटते, ती क्रोमच्या मुलाम्याची. तो मुलामा लिंबाला दाद देत नाही. परंतु टोकाशी आणि मुठीच्या वळणाशी नखाने वा सुईने खरवडले असता पापुद्रा सुटू लागतो. असा पापुद्रा दिसल्यास ती सळई घेऊ नये. फार्मसीचालकांनी स्वतःच्या ढवळण्या व चाळण्या यांनाही ही परीक्षा एकदा लावून पाहावी, एवढे जाता जाता सुचवितो.

सळई कोणतीही असो, मुरवण वेगळ्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात करावे आणि पदार्थ भाजण्याच्या वेळीच सळईत ओवावेत. त्या कुटुंबाने एवढे एकच पथ्य पाळले असते, तरी जस्त उतरण्यास रात्रभराचा अवधी मिळाला नसता.

आकाराविषयी फार लिहिण्यासारखे नाही. गोल आणि बारीक सळईवर पनीरचा तुकडा उलटविताना सळई तेवढी फिरते आणि तुकडा जागीच राहतो. म्हणून पाच ते आठ मिलिमीटर रुंदीची चपटी सळई घ्यावी. खिम्यासाठी याच्या दुप्पट-तिप्पट रुंद पाते लागते, अन्यथा खिमा निखाऱ्यांवर गळून पडतो. घरगुती शेगडीस तीस ते चाळीस सेंटिमीटर लांबी पुरते. लाकडी मूठ दिसण्यास सुबक, परंतु जळते. वळविलेली धातूची कडी आणि हातात जाड फडके हेच बरे.

सळई तापून पदार्थ आतूनही शिजवते, अशी एक समजूत आहे. तिच्यात तथ्य आहे, पण थोडे. स्टेनलेस स्टीलची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश आणि तांब्याच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास असते. बाहेरून करपलेला कोंबडीचा तुकडा सळईलगत कच्चा राहू शकतो, आणि तो खाऊन अतिसार झालेले रुग्ण आपल्याकडे येतातच. तुकडे लहान व एकसारखे करावेत, दोन तुकड्यांत बोटभर नाही तरी धान्याच्या दाण्याएवढे अंतर सोडावे. कोंबडीच्या मांसाचा गाभा ७४ अंशांपर्यंत तापणे आवश्यक मानले जाते. अन्नाचा तापमापक नसेल, तर सर्वांत मोठा तुकडा सळईशी कापून पाहावा. आत गुलाबी छटा किंवा लालसर रस दिसल्यास पुन्हा आचेवर धरावा.

शूल्य मांसाच्या गुणांबाबत ग्रंथांत एकवाक्यता नाही. सुश्रुतसंहितेत ते काहीसे गुरू मानले आहे. भावप्रकाशात ते रुचकर, अग्निदीपक, लघू, कफवातघ्न आणि किंचित पित्तकर म्हटले आहे. माझ्या मते हा भेद पाकविधीचा असावा, कारण भावप्रकाशातील कृती नेमकी आहे : यकृत इत्यादींचे मांस शलाकेत ओवून, तूप व मीठ लावून, धूर नसलेल्या अग्नीवर पचवावे. मराठीतील 'सळई' हा शब्द याच शलाकेपासून आला. 'निर्धूम' ही अट आजच्या ज्ञानाशीही जुळते. चरबी निखाऱ्यावर ठिबकून जो धूर उठतो, त्यात पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन ही संयुगे तयार होतात व ती अन्नावर बसतात. त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. म्हणून कोळसे पांढरी राख धरेपर्यंत थांबावे, सळया ज्वाळेपासून दूर ठेवाव्यात आणि करपलेला भाग काढून टाकावा. अम्लपित्ताच्या व रक्तपित्ताच्या रुग्णांना हा आहार मी वर्ज्य सांगतो, मग सळई कितीही उत्तम असो.

धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. आपल्या भागात सदनिकांच्या बाल्कन्या काचा लावून बंद करून घेण्याची प्रथा आहे. अशा बाल्कनीत राख धरलेले निखारे निर्धूम दिसतात, पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वर्ण व गंध नसलेला प्राणघातक वायू निघतच असतो. डोकेदुखी, भ्रम, हृल्लास ही त्याची पहिली लक्षणे पित्तप्रकोप समजून दुर्लक्षिली जाण्याची शक्यता मोठी. एकाच घरातील अनेक जण एकाच वेळी ही लक्षणे सांगू लागले, तर औषध देण्यापूर्वी "शेगडी कोठे पेटविली होती?" हे विचारावे, त्यांना मोकळ्या हवेत आणावे आणि प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पाठवावे. कोळशाची शेगडी उघड्या गच्चीवर किंवा अंगणातच पेटवावी. घरात गॅसचा तंदूर वापरताना खिडक्या उघड्या असाव्यात.

राहता राहिली स्वच्छता. सळई कोमट असतानाच पाण्यात भिजत घालावी, म्हणजे करपलेला थर सहज सुटतो. तारांचा ब्रश टाळावा. अमेरिकेत जाळ्या घासण्याच्या अशा ब्रशांच्या सुट्या तारा अन्नाबरोबर गिळल्या जाऊन घशास व आतड्यास इजा झाल्याचे रुग्ण २०१२ साली तेथील शासकीय आरोग्यपत्रिकेत नोंदविले गेले. लोखंडी घासणीचे कण स्टीलवर अडकून स्वतः गंजतात आणि दोष सळईच्या माथी येतो. नारळाची शेंडी आणि थोडी राख किंवा साबण पुरेसा आहे. धुतल्यावर पुसून, टोके खाली करून, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंच बरणीत सळया ठेवाव्यात. वर उल्लेखिलेल्या कुटुंबाने आता स्टीलच्या सहा चपट्या सळया घेतल्या आहेत. त्या घेण्यापूर्वी यजमान खिशात लिंबू घेऊन दुकानात गेले होते आणि दुकानदाराने तासभर थांबण्यास नकार दिल्यावर एकच सळई विकत घेऊन घरी परतले. उरलेल्या पाच दुसऱ्या दिवशी आल्या.