विश्लेषण : गाडी फिरलीच नाही, तरी इंजिन ऑइल बदलायचे का?

वर्षभरात गाडी जेमतेम चार हजार किलोमीटर चाललेली असते. ऑफिसला दुचाकी किंवा मेट्रो. गाडी बाहेर निघते ती भाजी आणायला, मुलांना क्लासला सोडायला आणि महिन्यातून एखाद्या कार्यक्रमाला. तेवढ्यात मोबाइलवर मेसेज येतो, ‘तुमच्या गाडीची सर्व्हिस ड्यू आहे.’ दहा हजार व्हायला अजून सहा हजार बाकी आहेत, असा हिशेब करून अनेक जण तो मेसेज डिलीट करतात. पण मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा ‘१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते’ असे छापलेले असते. काही गाड्यांत किलोमीटरचा आकडा वेगळा असतो, वर्षाची अट मात्र असतेच. कमी फिरणाऱ्या गाडीला लागू होते ती हीच अट.

कमी चाललेल्या गाडीचे ऑइल खराब कसे होते?

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून निघून जाते. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून थेंब गळताना दिसतात, ते हेच. मात्र थोडी वाफ आणि थोडे न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन बराच वेळ पूर्ण गरम राहिले, तर हे पाणी आणि पेट्रोल उडून जाते. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत तसे होत नाही. टेम्परेचरचा काटा मध्यावर आला तरी तो कूलंटचे तापमान दाखवतो, ऑइल त्याच्यापेक्षा उशिरा तापते.

मग पेट्रोलमुळे ऑइल पातळ होते आणि पाण्यामुळे आम्ल तयार होते. त्या आम्लाला मारण्यासाठी ऑइलमध्ये मिसळलेली रसायने हळूहळू संपतात आणि शेवटी आत काळा गाळ धरू लागतो. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतून दुधाळ थर दिसला, तर गाडीच्या फेऱ्या फारच छोट्या होत आहेत असे समजा. तसाच दुधाळ रंग डिपस्टिकवरही असेल, तर मामला वेगळा आहे. बहुधा कूलंट ऑइलमध्ये शिरत आहे. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.

ट्रॅफिकचे गणित तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. मुंबई-पुण्याच्या गर्दीत सरासरी ताशी १२ किलोमीटर वेग धरला, तर ५,००० किलोमीटरसाठी इंजिन ४०० तासांहून जास्त चालते. महामार्गावर ताशी ८० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर १२५ तासांत होतात. ओडोमीटरवर पहिली गाडी निम्मीच चाललेली, पण तिचे इंजिन तिपटीहून अधिक राबलेले. म्हणूनच अनेक मॅन्युअलमध्ये ‘सिव्हिअर कंडिशन’ नावाचा वेगळा तक्ता असतो. छोट्या फेऱ्या, सतत थांबत-थांबत चालणे, धूळ, अशी परिस्थिती असेल तर ऑइल लवकर बदला, असे त्यात सांगितलेले असते. आपल्या शहरांतल्या किती गाड्या या तक्त्याबाहेर राहतील, हा प्रश्नच आहे.

डिझेल गाडीत आणखी एक भानगड आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आल्यावर डिझेल कारमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आला. तो भरला की आतली काजळी जाळण्यासाठी बहुतेक इंजिने जादा डिझेल सोडतात. ही प्रक्रिया पूर्ण व्हायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. शहरात ती वारंवार अर्धवट तुटते आणि जादा डिझेलचा काही भाग ऑइलमध्ये उतरतो. त्यामुळे डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर ते चांगले लक्षण नाही. लगेच दाखवून घ्या.

डब्यावरच्या ‘५डब्ल्यू-३०’चा अर्थ काय?

हा घट्टपणाचा कोड आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत लवकर वाहते. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांना, तर १५डब्ल्यूची उणे २० अंशांना होते. नंतरचा आकडा १०० अंश तापमानाला ऑइल किती घट्ट राहते ते सांगतो. ४० म्हणजे ३० पेक्षा जाड.

उणे ३० अंश महाराष्ट्रात कुठे, असे कोणीही विचारेल. पण ५डब्ल्यू-३० ऑइलसुद्धा ४० अंशांना जेवढे घट्ट असते, त्याच्या पाच-सहा पट पातळ ते १०० अंशांना होते. म्हणजे निफाडच्या थंडीतच काय, मुंबईच्या सकाळीही स्टार्टर मारताना ते इंजिनच्या दृष्टीने जाडच असते. वरच्या भागांपर्यंत ऑइल पोहोचेपर्यंतच्या त्या काही क्षणांत मोठी झीज होते. पहिला आकडा लहान असण्याचा फायदा तिथे मिळतो.

‘आपल्याकडे ऊन कडक, जाड ऑइलच टाका’ हा सल्ला काउंटरवर हमखास मिळतो. नागपुरात बाहेर ४५ अंश असले तरी थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनचे तापमान साधारण ९० अंशांच्या आसपास ठेवतात. ऑइल किती घट्ट हवे, हे त्या तापमानावर आणि इंजिनच्या भागांमध्ये ठेवलेल्या फटींवर ठरते. मारुतीच्या अनेक नव्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ इतके पातळ ऑइल सांगितलेले आहे. आजच्या बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावर चालते. त्यात २०डब्ल्यू-५० ओतणे म्हणजे काळजी नव्हे. मायलेज घटेल आणि थंड इंजिनला ऑइल उशिरा मिळेल. जुन्या, ऑइल पिणाऱ्या गाडीला थोडे जाड ऑइल चालू शकते, पण तेही मॅन्युअलमध्ये दिलेल्या पर्यायांतलेच.

ग्रेड जुळली की काम झाले, असेही नाही. डब्यामागे एपीआयची अक्षरे असतात. एस पेट्रोलसाठी, सी डिझेलसाठी. पेट्रोलमध्ये एसएननंतर २०२० मध्ये एसपी हा दर्जा आला. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगाला इंधन अवेळी पेटून पिस्टनला धक्का बसू शकतो, त्यापासून संरक्षण देण्याची चाचणी एसपीमध्ये आहे. टर्बो पेट्रोल गाडी असेल तर ही दोन अक्षरे नक्की पाहा. डीपीएफ असलेल्या डिझेलला कमी राख सोडणारे ऑइल लागते. त्यासाठी मॅन्युअलमध्ये एसीईए सी२, सी३ असा दर्जा किंवा कंपनीचा स्वतःचा कोड दिलेला असतो. चुकीच्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साचते आणि काजळीसारखी ती जळून जात नाही.

‘फुली सिंथेटिक’ या शब्दाला फार भुलू नका. बाजारातली अशी बरीच ऑइल खनिज तेलावरच जड प्रक्रिया करून बनवलेली असतात. ती चांगली असतात, साध्या मिनरल ऑइलपेक्षा जास्त टिकतात. पण चुकीच्या दर्जाचे सिंथेटिक घेण्यापेक्षा योग्य दर्जाचे सेमी-सिंथेटिक बरे. आणि सिंथेटिक टाकले म्हणून वर्षाची अट दोन वर्षे होत नाही.

गॅरेजमध्ये काय पाहायचे?

शक्यतो सीलबंद डबा समोर उघडून घ्या. ऑइलबरोबर फिल्टरही बदलाच. बिलावर नुसते ‘इंजिन ऑइल’ न लिहिता ग्रेड, दर्जा आणि किलोमीटर लिहून घ्या, वॉरंटीचा वाद झाला तर तोच कागद कामी येतो. ‘इंजिन फ्लश’ मॅन्युअलमध्ये नसेल तर सरळ नाही म्हणा. ‘ऑइल काळे झाले’ हे कारणही पुरेसे नाही. काजळी धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे आणि डिझेल गाडीत नवे ऑइल काही दिवसांतच काळे दिसते.

महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. डॅशबोर्डवरच्या किटलीच्या लाल दिव्याची वाट पाहू नका. तो ऑइल कमी झाल्याचा नव्हे, दाब पडल्याचा इशारा असतो. तो लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचे, ‘पुढच्या चौकापर्यंत’ नाही.

आणि डब्यात उरलेले अर्धा लिटर ऑइल बाइकमध्ये टाकायचा मोह टाळा. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमधील घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे तो घसरू लागतो. त्यासाठी जेएएसओ एमए किंवा एमए२ लिहिलेले वेगळे ऑइल मिळते. कारचे उरलेले ऑइल झाकण घट्ट लावून ठेवा. पुढच्या सर्व्हिसपर्यंत थोडेफार टॉप-अप लागलेच, तर तेच वापरता येईल.